दोन बाळांचा पुतळा

ज्यांना मोंतालवान घराण्याची थोरवी ऐकायची असेल त्यांनी आमच्या पुएर्तो अमारोच्या नगरपालिकेत जावं. तिथे जिन्याच्या भिंतीवर तसबिरी टांगल्या आहेत. आजोबा गव्हर्नर, बाप आन्सेल्मो सिनेटर, मुलगा रेनाल्दो सिनेटर. त्याच्या शेजारी एक खिळा आधीच ठोकून ठेवला होता, तो नातवासाठी. निवडणूक व्हायच्या आत खिळा! मला त्या तसबिरींबद्दल काही सांगायचं नाही. मला नीन्या एलोदियाबद्दल सांगायचंय, कारण तिची तसबीर कुणी लावणार नाही.

नीन्या म्हणजे खरं तर पोर. पण आमच्या किनाऱ्यावर बाईचे सगळे दात पडले तरी मानाने तिला नीन्याच म्हणतात. एलोदिया अठ्ठ्याहत्तरीची आहे. तिची आणि माझी भिंत एक. रोज पहाटे ती मका दळते, पिठाचे लांबट गोळे, आमचे बोयो, मक्याच्या पानात गुंडाळून उकडते आणि डोक्यावर पाटी घेऊन विकत हिंडते. मी एव्हारिस्तो, भोंगेवाला. माझ्या जुन्या जीपवर चार भोंगे आहेत. मासळी आली, कुणी वारलं, कुणी निवडणुकीला उभं राहिलं, की मी ते गावभर ओरडून सांगतो. सभांचे भोंगेही माझेच असतात, त्यामुळे रेनाल्दो मोंतालवानची सगळी कारकीर्द मी व्यासपीठाच्या मागे तारांच्या गुंत्यात बसून ऐकली आहे. कान किटले आहेत माझे.

आधी खरं काय झालं ते सांगतो. ते मला माझ्या आईने सांगितलं, आणि पुढे एकदा स्वतः एलोदियाने.

एलोदिया तेव्हा एकोणीस वर्षांची होती, पदरात दोन महिन्यांची नीदिया. नवरा नदीवर होडी चालवायचा. तिकडे मोंतालवानांच्या मोठ्या घरी रेनाल्दो जन्मला. बाळंतिणीला ताप भरला, दूध आलंच नाही. मालकांचा मुकादम घोड्यावरून एलोदियाच्या दारात आला. "चल. धाकट्या मालकांना पाजायचंय. पोरीलाही घे बरोबर," म्हणाला. तिने पोरीला घेतलं आणि गेली. नाही म्हणायची सोय कुठे होती? होडी मालकांची, धक्का मालकांचा, झोपडीखालची जमीनही मालकांचीच.

मोठ्या घराच्या फाटकाशी रेनाल्दोची आजी उभी होती. तिने नीदियाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "एका दुधाला एकच तोंड. हिला परत पाठव."

नीदिया परत गेली, एलोदियाच्या आईकडे. तिला गुळाचं पाणी पाजलं, मक्याची पातळ पेज पाजली. रविवारी एलोदियाला घरी जायची मुभा होती. ती धावत जायची आणि दारातच पोरीला पाजायला बसायची. मग एकदा रेनाल्दोला ताप आला. झोपडपट्टीतून रोग आणते म्हणून ठपका हिच्यावर, आणि रविवार बंद. त्यानंतर थोड्याच दिवसांत नीदिया गेली. उपाशी गेली. दुसरा कुठलाही शब्द मला सापडत नाही आणि शोधायचाही नाही.

आता ऐका. हे तिला कुणी सांगितलंच नाही. आमच्याकडे सगळे मानतात, हवेलीत मानतात तसं झोपडीतही मानतात, की आईला दुःख झालं की तिचं दूध नासतं आणि ते पिणाऱ्या बाळाला बाधतं. म्हणून मोठ्या घराने गप्प बसायचं ठरवलं. एलोदियाची स्वतःची आईही गप्प बसली, कारण तीही तेच मानत होती. दुसऱ्याच्या लेकराचा जीव आपल्या माथी नको म्हणाली. मोठ्या घरातून मात्र दर आठवड्याला एलोदियाला खबर मिळायची. नीदिया आता बसायला लागली. नीदियाला दात आला. नीदिया रांगते, कोंबड्यांच्या मागे धावते. पोर मातीखाली, आणि ही रेनाल्दोला मांडीवर घेऊन पाजतेय आणि हसतेय!

रेनाल्दोचं दूध तुटलं तेव्हा तिला घरी सोडलं. वर्षाच्या पोरीच्या मापाचा एक झगा तिने शिवून आणला होता. पिवळा.

आमच्याकडे तान्हं मूल गेलं की रडत नाहीत. त्याला कागदी पंख लावतात, डोक्यावर कागदी फुलांचा मुकुट घालतात, आणि गाणी म्हणतात, कारण ते देवदूत होऊन उडणार असतं. आईने डोळ्यांतून पाणी काढलं तर त्याचे पंख भिजतात आणि ते अर्ध्या वाटेत पडतं. एलोदिया झगा घेऊन दारात उभी राहिली तेव्हा गाणी केव्हाच संपली होती. पण बायकांनी तिचे हात धरले आणि सांगितलं, "रडू नकोस गं, अजून वाटेत असेल ती." ती रडली नाही.

पुढे तिला मुलगा झाला, विल्फ्रिदो. नवरा नदीने नेला. ती मका दळत राहिली. रेनाल्दो गोरागोमटा वाढला, राजधानीत शिकायला गेला, परीक्षा न देता परत आला आणि डॉक्टर झाला. आमच्याकडे इस्त्रीचा पांढरा सदरा आणि बापाचं नाव एवढ्यावर माणूस डॉक्टर होतो. कुणाची नाडी बघावी लागत नाही.

बापाने त्याला आधी नगरसेवक म्हणून उभं केलं. पोराला बोलता येत नव्हतं. दोन वाक्यांत घाम फुटायचा. गर्दी चुळबुळायला लागली तशी त्याची नजर खाली बोयोची पाटी घेऊन उभ्या असलेल्या एलोदियावर गेली. "या बाईचं दूध मी प्यायलोय!" असं तो एकदम ओरडला. लोकांनी टोप्या उडवल्या. तिला वर चढवलं, त्याने तिला मिठी मारली. ती लाजत हसली. पाजलेलं पोर होतं ते, तिचा जीव होता त्याच्यावर. आणि ते वाक्य खरंही होतं. रेनाल्दो मोंतालवान व्यासपीठावरून खरं बोलला तो तेवढा एकदाच.

महापौरपदाला तो उभा राहिला तेव्हा राजधानीहून भाषणं लिहिणारा एक टोकदार बुटांचा गृहस्थ आणला होता. त्याने विचारलं, त्या बाईला स्वतःचं मूल होतं का? होतं, मुलगी, लहानपणी गेली, एवढंच त्याला कळलं आणि तेवढं त्याला पुरलं. त्या सभेत रेनाल्दो गहिवरून म्हणाला, "एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला माझी दूधबहीण नीदिया! गरीब आणि श्रीमंत, एकाच छातीशी!" बायका रुमाल डोळ्यांना लावायला लागल्या. मी मागून बघत होतो. एलोदियाने व्यासपीठाचा बांबू असा धरला की तिच्या नखांत काड्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या दारात जाऊन बसली. दुपारी त्याने आत बोलावलं.

"रेनाल्दो, माझ्या दुधाचं तुला काय वाट्टेल ते बोल," ती म्हणाली. "पण नीदियाचं नाव घेऊ नकोस. तिला नाही मिळालं दूध. तुला माहीत आहे."

"अगं नीन्या, लोकांना आवडतं ते. त्यात तुझाच मान आहे."

"मला मान नको. पोरीचं नाव नको, एवढंच."

"बरं बाई, नाही घेणार. तुझ्या शब्दाबाहेर आहे का मी?" असं म्हणून त्याने तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं. "आणि विल्फ्रिदो काय करतो हल्ली? रिकामाच ना?"

पंधरा दिवसांत विल्फ्रिदो पाणीपुरवठ्याच्या पंपावर लागला. कायम नाही हं. आमच्याकडे कायम फक्त मोंतालवान असतात. बाकीच्यांची नोकरी दर निवडणुकीला नवी होते, आणि कोण कुठल्या सभेत कुठे उभं होतं ते बघून नवी होते.

तेव्हापासून हे असंच चालू. रेनाल्दो खासदार झाला त्या वर्षी नीदिया आपल्या चिमुकल्या हाताने आईचं दूध बाजूला सारून त्याला देऊ लागली. सिनेटला उभा राहिला तेव्हा तर तिने त्याच्याकडे बघून हसत हसत प्राण सोडला. पोरीला बोलता येत नव्हतं म्हणून, नाहीतर तिने त्याच्यासाठी मतंही मागितली असती. प्रत्येक सभेआधी एलोदिया त्याला तेच सांगायची, तो तेच कबूल करायचा, आणि माझ्या चार भोंग्यांतून नीदिया पुन्हा गुटगुटीत होऊन बाहेर पडायची. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ना, ते मी या कानांनी ऐकलंय. आणि म्हातारी मूग गिळून उभी राहायची, कारण विल्फ्रिदोला तीन पोरं होती.

मध्यंतरी रेनाल्दो तुरुंगातही जाऊन आला. शाळेतल्या मुलांना रोज पेलाभर दूध द्यायची योजना होती. तिचा ठेका त्याच्या मेहुण्याला होता. मुलांना मिळालं ते पांढरं पाणी, तेही जेव्हा मिळालं तेव्हा. दुधावर मोठा झालेला माणूस! त्याला ठेवलं होतं लष्कराच्या एका बंगल्यात, थंडगार हवेच्या यंत्रासकट. सुटून आला तेव्हा फटाके, बँड, खांद्यावर मिरवणूक. "छळ झाला माझा," म्हणाला. लोक रडले. माझ्याच लोकांचा मला इतका राग कधी आला नव्हता.

मात्र स्वतः उभं राहायला त्याला बंदी झाली. मग मुलगा पुढे आला, आन्सेल्मो आंद्रेस. शिक्षण परदेशात, हातात फोन, गावात कधी चार दिवस सलग राहिलेला नाही. बोयोचं पान सोलायचं असतं हेसुद्धा त्याला कुणीतरी सांगावं लागलं. पहिला त्याने पानासकट चावला. तो यंदा महापौरपदाला उभा राहिला. आता याने कुणाचं दूध प्यावं? हा तर डब्याच्या दुधावर वाढलेला. तेव्हा रेनाल्दोने डोकं चालवलं: चौकात दूधआईचा पुतळा. सिमेंटचा, वर पितळी रंग. खुर्चीवर बसलेली बाई, दोन्ही हातांत एकेक बाळ, दोन्ही पिताहेत. अनावरण करणार स्वतः नीन्या एलोदिया, आणि नातू म्हणणार, ही माझी आजी.

पुतळा ट्रकमधून उतरवला त्या सकाळी एलोदिया पाटी घेऊन तिथून जात होती. कापड घसरलं होतं. ती थांबली. डावीकडे गुबगुबीत मुलगा, उजवीकडे तशीच गुबगुबीत मुलगी, कानात डूल, दंडाला वळ्या. एलोदियाने पाटी खाली ठेवली आणि त्या सिमेंटच्या दंडाभोवती आपली बोटं लावून बघितली. पुरली नाहीत.

संध्याकाळी तिच्या अंगणात विल्फ्रिदो आणि मी बसलो होतो. ती मक्याची पानं भिजत घालत होती.

"मी नाही जाणार," ती म्हणाली.

"आई, अगं एक दोरी ओढायची आहे फक्त," विल्फ्रिदो म्हणाला. "एवढी वर्षं चढलीस ना? पंचावन्नचा झालो मी, आता पंपावरून काढलं तर मला कोण घेणार?"

"ती पोर खोटी आहे."

"सिमेंटची पोर खरी कशी असेल? आणि चांगलंच आहे की. नीदिया एवढी जाडजूड होती ते लोकांना दिसेल."

एलोदियाचे हात पाण्यातच थांबले. "नीदिया जाडजूड होती हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे. पोटभर दूध पिऊन गेली ती. अचानक ताप आला आणि गेली. मी इतकी वर्षं ऐकतोय." त्याने माझ्याकडे बघितलं. "काय हो काका, तुमच्याच भोंग्यातून."

मी खाली बघितलं. तो गेल्यावर एलोदिया मला म्हणाली, "एव्हारिस्तो, माझ्याच पोटचा पोर त्यांची नीदिया ओळखतो. माझी ओळखत नाही. उद्या मी मेले की माझ्या पोरीचं खरं सांगायला कोण उरलं?"

अनावरणाच्या दिवशी ती गेली. धुतलेला झगा, कपाळावर घट्ट ओढलेला पांढरा रुमाल. चौक गच्च भरला होता. पाद्री, बँड, लाल टोप्या, फुकटचं सरबत. नातवाने भाषण केलं. रेनाल्दो पहिल्या रांगेत बसून डोळे टिपत होता. मग एलोदियाने दोरी ओढली, कापड पडलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. नातवाने तिच्यापुढे माइक धरला, मिठीत घेता घेता, "आजी, दोन शब्द" असं म्हणून. एवढ्या वर्षांत तिला कुणी बोलायला लावलं नव्हतं. या पोराला तेवढी अक्कल नव्हती.

तिने माइक हातात घेतला.

"हा मुलगा रेनाल्दो आहे," ती म्हणाली. "असाच होता तो. याला मी पाजलं, ते खरं आहे." मग तिने दुसऱ्या बाळावर हात ठेवला. "ही माझी पोर नाही. माझी पोर अशी नव्हती. हिचा दंड माझ्या दोन बोटांत मावायचा."

पहिल्या रांगेतून प्रचारप्रमुख वाकून माझ्याकडे धावला. "तार काढ! तार काढ लवकर!"

"कुठली साहेब?" मी म्हणालो. "सगळ्या सारख्याच दिसतात."

"तिला फाटकातूनच परत पाठवली," एलोदिया बोलत होती. आवाज चढला नव्हता, बाजारात भाव सांगावा तसा होता. "गुळाच्या पाण्यावर ठेवली. ती मेली तरी मला सांगितलं नाही, दूध नासेल म्हणून. मला सांगायचे, पोर रांगते. रेनाल्दो, इकडे बघ. एका बाजूला तू आणि एका बाजूला ती, असं तू सगळीकडे सांगितलंस. डावीकडेही तूच होतास आणि उजवीकडेही तूच होतास. तिने हात सारून तुला काही दिलं नाही. तिला विचारलंच नव्हतं कुणी."

मग तिने माइक नातवाच्या हातात परत दिला आणि सावकाश पायऱ्या उतरली. बँडवाल्यांना कुणीतरी खुणावलं आणि ते जोरात वाजवायला लागले. बायकांच्या गर्दीत वाट झाली. एक म्हातारी तिच्या खांद्याला हात लावून गेली. विल्फ्रिदो पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. तिच्याबरोबर तो घरी आला नाही.

तुम्हाला वाटेल, मोंतालवान पडले. छे! दणक्यात निवडून आला पोरगा. तो खिळा आता रिकामा नाही. लोकांनी चौकात ऐकलं, घरी जाऊन हळहळले, आणि रविवारी पत्रे आणि सिमेंटच्या गोण्या घेऊन मतं दिली. मला कुणी विचारलं की तुमच्या गावाचा राग कुठे गेला, तर मी सांगतो, छपरावर गेला. विल्फ्रिदोला सोमवारी सकाळी पंपावरून घरी पाठवलं. माझेही भोंगे आता मासळी सोडून काही ओरडत नाहीत. त्याचं सोडा.

आणि मंगळवारी त्यांनी पुतळ्याचा बंदोबस्त केला. पाडणार कसा? पाद्र्याने पवित्र पाणी शिंपडलेलं, वर रेनाल्दोचं बाळरूप. मग त्यांनी ठरवलं की भानगड आहे ती मुलीची. दोन गवंडी आले, छिन्नी-हातोडीने मुलगी फोडून काढली, तुकडे पोत्यात भरून नेले. जाताना घाईत आतली सळई तशीच राहिली, कोपराच्या वळणात वर आलेली. आता पुतळ्यातली बाई एका हाताने मुलाला पाजते आणि दुसरा हात तिने रिकामाच धरलाय.

मी ते बघितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्यांदा मारली त्यांनी पोरीला, असं पुटपुटतच मी एलोदियाच्या अंगणात शिरलो आणि सगळं सांगितलं. तिने हात पुसले आणि माझ्याबरोबर चौकात आली. मान वर करून तिने तो रिकामा हात बघितला.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली. "माझा हात असाच होता."

एवढ्या वर्षांत मोंतालवानांनी या गावात एक खरी गोष्ट उभी केली, आणि तीही लपवायला जाऊन.

त्याच आठवड्यात छोट्या देवदूतांचा सण आला. त्या दिवशी आमची पोरं भांडी घेऊन, गाणी म्हणत दारोदार फिरतात, कुणी रताळी देतं, कुणी हाडकं देतं, आणि त्याचं कालवण चौकात शिजतं. एलोदिया दर वर्षी दारात बोयो घेऊन उभी असते. या वर्षी ती स्वतः चौकात आली आणि बाकावर बसली, पुतळ्याच्या उजव्या बाजूला. पोरांचा गोंगाट चालू होता. तेवढ्यात विल्फ्रिदो आला. सभेच्या दिवसापासून तो आईशी बोलला नव्हता. त्याच्या हातात कागदी फुलांचा मुकुट होता, तान्ह्याच्या डोक्याला बसेल एवढा लहान. स्वतःच कापायला बसला असणार तो, कारण फुलं वेडीवाकडी होती.

तो चौथऱ्यावर चढला. नगरपालिकेच्या दारातला शिपाई ओरडला, "ए, उतर खाली! हात लावायचा नाही!"

"माझी बहीण आहे," विल्फ्रिदो म्हणाला आणि मुकुट त्या सळईवर अडकवला. मग खाली उतरून आईसमोर उभा राहिला. "केवढी होती गं ती? खरं सांग."

एलोदियाने दोन्ही तळहात समोर धरले, थोडं अंतर ठेवून. मग ते अंतर तिने आणखी कमी केलं. आणि तसेच हात धरून ती रडायला लागली, मोठ्याने, तोंड न झाकता. आजूबाजूला आमच्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या होत्या. पंख भिजतील असं एकीनेही म्हटलं नाही.